ख्रिस्ती धर्मातील पश्चात्ताप व तारण आणि आपली तौबा



“ख्रिस्ती लोकांचे सोपे आहे. येशूवर विश्वास ठेवला की पापे धुतली गेली. मग कसेही वागा.” हे वाक्य आपण घरात ऐकतो, मशिदीबाहेरच्या ओट्यावर ऐकतो आणि, खेदाने लिहावे लागते, कधी कधी मिंबरावरूनही ऐकतो. ज्यांच्याविषयी ते बोलले जाते त्यांपैकी कोणाला तरी ते ऐकवून पाहा. मिशनच्या शाळेत आपल्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंना किंवा इस्पितळात रात्रभर आपल्या अम्मीच्या उशाशी उभ्या राहिलेल्या परिचारिकेला विचारा, की तुमची श्रद्धा हीच काय? त्या नाही म्हणतील. जे एखाद्याने म्हटलेलेच नाही ते त्याच्या माथी मारणे, याला शरीअतमध्ये बोहतान म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गीबत आणि बोहतान यांतील भेद समजावून सांगितला आहे: माणसात असलेले उणे त्याच्या पाठीमागे बोलणे ही गीबत आणि नसलेले बोलणे हे बोहतान. ग्रंथधारकांशी वाद करायचाच तर तो उत्तम रीतीने करावा, अशी कुरआनची आज्ञा आहे (सूरह अल्-अन्कबूत, २९:४६). समोरचा काय मानतो हे धड ठाऊक नसताना उत्तम रीतीने वाद कसा होणार?

म्हणून या पाठात ख्रिस्ती धर्मातील पश्चात्ताप, क्षमा आणि तारण यांचा विचार करू. आपली वाट त्यांच्यापासून कोठे वेगळी होते तेही झाकून ठेवायचे नाही.

या अभ्यासाला दूर जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यातील सर्वांत मोठी घटना ज्या लोहमार्गावर सुरू झाली तो आपल्याच गोंदियातून जातो. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने राजनांदगावला निघाले होते. नागपूरकडून राजनांदगावला जाणारी गाडी तेव्हाही गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगढ याच वाटेने जात असे; बंगाल नागपूर रेल्वेचा तो काळ. गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते जिज्ञासेपोटी. पण मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी आल्यावर त्यांच्याने पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या आघाताने कोसळल्या, दीर्घ काळ दूर राहिल्या आणि काही वर्षांनी स्वतः त्याच धर्मात गेल्या. मराठी घेऊन पदवी घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचलेले असते, तेव्हा ती कथा येथे विस्ताराने सांगत नाही.

टिळकांचा मार्ग आपला नव्हे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळकांना ज्या प्रवचनाने ओढून घेतले त्यात ‘विश्वास ठेवा आणि मग कसेही वागा’ असे काहीच नाही. तेथे हजरत ईसा (अ.) यांच्या तोंडी शिकवण आली आहे ती अशी: तुम्ही वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असाल आणि आपल्या भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे हे तेथे आठवले, तर अर्पण तसेच ठेवा, आधी जाऊन भावाशी समेट करा, मग येऊन अर्पण वाहा. त्याच प्रवचनात ख्रिस्ती लोक रोज म्हणतात ती प्रार्थना आहे. तिच्यात क्षमेची याचना आहे ती आम्ही आमच्या ऋणकोंना जशी क्षमा केली तशी आम्हाला कर, या स्वरूपाची. आणि जो माणसांना क्षमा करत नाही त्याला क्षमा मिळणार नाही, असा इशाराही लगेच दिलेला आहे. म्हणजे तेथेही ईश्वराकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते.

मग ‘तारण’ म्हणजे काय? मराठी ख्रिस्ती शब्दांची थोडी उकल केली तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे. त्यावरून तारण आणि तारणारा. योगायोग असा की बाजारात तारण म्हणजे गहाण. सोने तारण ठेवून कर्ज काढणारा शेतकरी हा शब्द दर हंगामाला वापरतो. त्याहून चमत्कारिक गत ‘खंडणी’ची झाली आहे. मराठी बायबलात हजरत ईसा (अ.) पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतात असे येते, आणि वर्तमानपत्रात तोच शब्द गुंडांच्या बातमीत येतो. बायबलातला अर्थ जुना आहे: बंदिवानाच्या सुटकेसाठी भरलेले मोल. आपल्या फिक्‌हमधील ‘फिदया’ हा शब्द त्याच्या जवळ जातो.

ख्रिस्ती शिकवण थोडक्यात अशी मांडता येते. हजरत आदम (अ.) यांच्या हातून जी आज्ञा मोडली गेली तिच्यामुळे सारी मानवजात ईश्वरापासून दुरावली आणि तिच्या स्वभावातच पापाची ओढ शिरली. (ही ओढ म्हणजे वारशाने आलेला अपराधच की केवळ आलेला दुबळेपणा, यावर पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील चर्चमध्ये जुना मतभेद आहे.) माणूस स्वतःच्या सत्कृत्यांच्या बळावर ही दरी ओलांडू शकत नाही. ईश्वर न्यायी आहे, म्हणून पापाकडे काणाडोळा करत नाही. आणि प्रेमळ आहे, म्हणून माणसाला बुडूही देत नाही. तेव्हा ख्रिस्ताच्या रूपाने त्याने स्वतःच ते मोल भरले, असे ते मानतात. माणसाने करायचे ते इतकेच, की पश्चात्तापाने वळायचे आणि विश्वासाने ते दान स्वीकारायचे. यालाच ते कृपा म्हणतात. कृपा कमावता येत नाही.

नेमके येथेच ‘मग कसेही वागा’ हा निष्कर्ष आपण काढतो. पण हा आक्षेप नवा नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच उपस्थित केला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय? आणि तत्काळ, ठामपणे नाही म्हटले आहे. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव ठरवला आहे. कॅथलिक पंथात तर पश्चात्तापाचा स्वतंत्र संस्कार आहे. पापी माणसाने मनापासून खेद करायचा, धर्मगुरूपाशी पाप उघड करायचे (कोकणीत याला कुमसार म्हणतात), क्षमेचे वचन ऐकायचे आणि सांगितलेले प्रायश्चित्त पार पाडायचे. धर्मगुरूने ऐकलेले कोणालाही सांगायचे नाही, हा नियम कडक आहे. चोरी केलेली असेल तर नुसती कबुली पुरत नाही, वस्तू परत करावी लागते. प्रोटेस्टंटांनी माणूस आणि ईश्वर यांच्यामधली धर्मगुरूची कबुली अनिवार्य मानली नाही. पण १५१७ साली मार्टिन ल्यूथरने जी पंचाण्णव सूत्रे मांडली त्यांतले पहिलेच सूत्र असे, की ख्रिस्ती माणसाचे सबंध आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. पैसे देऊन पापदंडातून सूट मिळवण्याच्या प्रथेविरुद्ध तो उभा राहिला होता.

आपल्या महाराष्ट्रातले दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच्या अनुभवकथनात लिहिले, की त्यानंतर आठ वर्षे लोटल्यावर आपल्याला उमगले, आपण ख्रिस्ती धर्म तेवढा पत्करला होता, ख्रिस्त काही सापडला नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली नेऊन आश्रय दिला (आपला भागही तेव्हा मध्य प्रांतातच, भंडारा जिल्ह्यात होता), आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्या संस्थेला नाव दिले ‘मुक्ती’. विश्वास ठेवून स्वस्थ बसलेल्या माणसाचे हे चरित्र नव्हे. त्यांच्या श्रद्धेशी आपला मतभेद आहे, पण तिला सोपी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता आपली वाट. कुरआनानुसार हजरत आदम (अ.) चुकले हे खरे, पण कथा तेथे थांबत नाही. त्यांना अल्लाहकडूनच तौबेचे शब्द लाभले, त्यांनी ते उच्चारले आणि त्यांची तौबा कबूल झाली (सूरह अल्-बकरह, २:३७). प्रकरण मिटले. वारशाने काही उतरलेच नाही, म्हणून प्रत्येक मूल निष्पाप जन्मते. कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आले आहे (६:१६४, ३५:१८, ५३:३८). अल्लाहला पुत्र आहे हे आपण मानत नाही, हजरत ईसा (अ.) यांना ठार केले गेले, सुळावर दिले गेले, हेही कुरआन नाकारते (४:१५७). त्यामुळे ख्रिस्ती तारणाचा मधला खांबच आपल्याकडे नाही. क्षमा करायला अल्लाहला मोल लागत नाही. तो माफ करतो, कारण तो गफूर आणि रहीम आहे.

यावर आपले लेखक बायबलातलाच एक दृष्टान्त पुढे करतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एक राजा आपल्या सेवकाचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडून देतो. तेथे कोणी जामीन नाही, कोणी मधे पडून रक्कम भरत नाही. मग ईश्वराला मोल कशाला? युक्तिवाद चांगला आहे आणि मी तो बरोबर मानतो. पण ख्रिस्ती विद्वानांचे त्यावरील उत्तरही ऐकून ठेवले पाहिजे. ते म्हणतात, कर्ज माफ होते तेव्हा रक्कम हवेत विरत नाही, ती माफ करणाऱ्याचीच बुडते; आणि क्रूस म्हणजे माफ करणाऱ्याने स्वतः सोसलेले तेच नुकसान. आपले म्हणणे असे, की माणसांच्या व्यवहारात हे खरे असले तरी ज्याच्या खजिन्यात देऊन काही घटत नाही आणि न दिल्याने काही वाढत नाही, त्याला नुकसान कसले? वाद येथवर येतो. दोन्ही बाजू ईश्वराच्या थोरवीबद्दलच बोलत आहेत, हे विसरू नये.

आणखी एक जागा अशी आहे, जेथे आपल्याला वाटते त्यापेक्षा अंतर कमी आहे. आपण सहज म्हणतो, ते कृपेने तरणार, आम्ही आमलांनी. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे, की कोणालाही त्याचे कर्म जन्नतमध्ये नेणार नाही. सहाबांनी विचारले, आपल्यालाही नाही? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, मलाही नाही, अल्लाहने आपल्या रहमतीने मला झाकून घेतले तरच. लूकच्या शुभवर्तमानात हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन परतणारा मेंढपाळ आहे; आपल्या हदीसमध्ये वाळवंटात अन्नपाण्यासह हरवलेला उंट अचानक समोर दिसल्याने हर्षाने भान हरपलेला प्रवासी आहे, आणि दासाच्या तौबेने अल्लाहला होणारा आनंद त्याहून अधिक सांगितला आहे. शंभर जीव घेतलेल्या माणसाची हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. तो नेक वस्तीकडे निघाला आणि वाटेतच वारला, तरी रहमतीचे फरिश्ते त्याला घेऊन गेले. अरबीतील ‘तौबा’ या शब्दाचा मूळ अर्थच परतणे. मराठीने हा शब्द घेतला आणि ‘तोबा गर्दी’साठी झिजवला, ती गोष्ट वेगळी.

मग तौबा सोपी आहे काय? इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये अटी दिल्या आहेत. पाप बंदे आणि अल्लाह यांच्यातले असेल तर तीन: ते सोडून देणे, मनापासून खेद करणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. पाप माणसाच्या हक्काशी जोडलेले असेल तर चौथी अट: त्याचा हक्क त्याला परत करणे. माल असेल तर माल, बदनामी असेल तर माफी. ही चौथी अट आपल्या बयानांमध्ये सर्वांत हळू आवाजात सांगितली जाते. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार शहीदाचे सर्व काही माफ होते, कर्ज सोडून. त्याच संग्रहात मुफलिसची हदीस आहे: नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला माणूस, पण याला शिवी दिलेली, त्याचा माल खाल्लेला. त्याची पुण्ये एकेकाला वाटली जातात, पुण्ये संपतात, मग त्या लोकांची पापे त्याच्यावर टाकली जातात.

आता लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय पाहा. मराठी बायबलात त्याला जकातदारांचा मुख्य म्हटले आहे. (ही जकात म्हणजे नाक्यावरचा कर, शब्द अरबीतून आपलाच गेला, अर्थ मात्र बदलला.) रोमनांसाठी कर वसूल करून लोकांना लुबाडणारा हा श्रीमंत माणूस. हजरत ईसा (अ.) त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याने उभे राहून जाहीर केले, की अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो. त्यानंतर या घराला तारण लाभले असे त्या शुभवर्तमानात येते. कृपा आणि विश्वास मानणाऱ्यांच्याच ग्रंथातील ही कथा आहे.

आणि आपल्याकडे? आपला जिल्हा धानाचा. वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंद होते, सातबाऱ्यावर भाऊबहिणींची नावे चढतात आणि थोड्याच दिवसांत बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. बहीण सही करते. का करते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. तिला माहेर तुटू द्यायचे नसते. भावजयीच्या हातचा चहा, ईदीला येणारी साडी, मुलीच्या लग्नात भाऊ उभा राहील ही आशा, एवढ्यासाठी ती सूरह अन्-निसाने ठरवून दिलेला वाटा सोडते. त्याच सूरहमध्ये वाट्यांच्या आयतींनंतर लगेच या मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा आहे (४:१४). वारसा थोडा असो की फार, स्त्रियांचा हिस्सा ठरलेला आहे, हे त्याआधीच सांगून ठेवलेले आहे (४:७). आणि असा भाऊ त्या पैशातून उमरा करतो, रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री अश्रू ढाळतो, आणि बाहेर येऊन म्हणतो, ख्रिस्ती लोकांचे सोपे आहे.

काही व्यवहार्य प्रश्न उरतात. बहिणीने स्वखुशीने सोडले तर? हनफी फुकहांचे म्हणणे असे, की वारशाची मालकी सक्तीची आहे. मृत्यूच्या क्षणी ती आपोआप वारसाकडे जाते, म्हणून ‘मी हक्क सोडला’ एवढ्या तोंडी शब्दाने ती संपत नाही. आधी वाटणी करून तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर कोणत्याही दबावाशिवाय तिने तो भावाला भेट दिला तर तो हिबा ठरेल. किंवा तिच्या राजीखुशीने ठरलेली रक्कम वा वस्तू देऊन तिचा वाटा घेता येईल. कागद निबंधक कार्यालयात नोंदलेला आहे, एवढ्याने अल्लाहपाशी मोकळीक होत नाही. सही झाली असेल तरी तिच्या वाट्याला किती एकर येत होते आणि आजच्या भावाने त्याची किंमत किती, हे तिला आकड्यांत सांगावे आणि मग तिचे उत्तर ऐकावे. आणि ते ऐकताना आई किंवा वडीलधारे मध्ये बसवू नयेत, कारण त्यांच्यासमोर ती ‘नको’च म्हणेल.

जमीन विकली गेली असेल तर तिच्या हिश्श्याची रक्कम देणे लागते. एकरकमी शक्य नसेल तर लिहून द्यावे आणि दर हंगामाला, धान विकले की, थोडे थोडे फेडावे. निश्चय पक्का असेल तर तौबा सुरू झालेली आहे. बहीण वारली असेल तर तो वाटा तिच्या नवऱ्याचा आणि मुलांचा, जे कोणी तिचे वारस असतील त्यांचा आहे. त्यांनी मागितला नाही म्हणून तो बुडत नाही. कोणाचा पत्ताच लागत नसेल तर शोध घेऊन थकल्यावर तेवढी रक्कम त्याच्या नावे सदका करावी, आणि पुढे तो भेटला तर त्याला ते सांगून त्याचा निर्णय विचारावा. तो सदका मान्य करत नसेल तर रक्कम त्याला पुन्हा द्यावी लागेल.